पोटात भुसा, ओठी लोणी

मित्रांनो, मी एक जुनी, ठेंगणी मोटारगाडी आहे. माझा रंग एके काळी निळा होता. आता ऊन खाऊन खाऊन तो पुष्कळदा धुतलेल्या गणवेशासारखा झाला आहे. माझ्या डाव्या दारावर एक पोचा आहे, मागच्या काचेवर एक ओरखडा आहे आणि मनात एक राग आहे. पोचा आणि ओरखडा तुम्हाला लांबूनही दिसतील. रागाची गोष्ट मात्र मलाच सांगावी लागेल.

थोरमोठे सांगतात, राग गिळावा, अपकाराची फेड उपकाराने करावी. ते खरेच आहे. माझ्यात बसून कितीतरी भल्या माणसांनी ते गाऊन सांगितले आहे आणि ऐकताना माझे इंजिनसुद्धा मऊ झाले आहे. पण मला तुमच्याशी खोटे बोलायचे नाही. मी राग गिळला नाही. मी सूड घेतला. कसा घेतला ते ऐका, मग मला काय म्हणायचे ते म्हणा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. वर पिवळे दिवे, अंगावर ठिणग्यांचा पाऊस. एकाच साच्यातून माझ्या कितीतरी सख्ख्या बहिणी निघाल्या आणि पुढे दाही दिशांना गेल्या. अगदी शेवटी एक तपासनीस माझ्यात येऊन बसला आणि त्याने किल्ली फिरवली. माझ्या डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले. इंजिन सुरू होताच ते एकेक करून विझले. "सगळे दिवे बोलतात," असे म्हणून त्याने काचेवर खडूची खूण केली. मुलांनो, हे दिव्यांचे लक्षात ठेवा. गाडीला जीभ नसते, दिवे असतात.

माझे पहिले मालक गायनमास्तर होते. उंच, किडकिडीत, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. सकाळी ते मला सुरू करत आणि लगेच निघत नसत. डोळे मिटून माझे इंजिन ऐकत बसत. "गाडी काय नि गळा काय, तापल्याशिवाय उघडत नाही," असे म्हणत. माझा सूर जरा कुठे हलला, की त्याच दिवशी आम्ही गॅरेजात. चिखलातून आलो, की बादली घेऊन ते आधी माझी चाके धूत आणि मग स्वतःचे पाय. त्यांचे शिष्य चेष्टा करत, "मास्तर, गाडी घेतलीत की देव आणून बसवलात?" मास्तर हसून म्हणत, "जे आपला भार वाहतं, त्याच्यापुढे वाकायला लाज कसली रे?"

ते दिवस सोन्याचे होते. पण मास्तरांचे डोळे अधू झाले आणि ते लेकीकडे राहायला निघाले. मला न्यायला जो माणूस आला त्याचे खरे नाव कुणी घेत नसे. जुन्या गाड्या विकण्याचा त्याचा धंदा. दारात आलेली प्रत्येक गाडी त्याच्या तोंडी 'लोणी' असे. "चालवून बघा, हातात लोणी आहे, लोणी!" म्हणून सारे गाव त्याला लोणीशेठ म्हणे. पांढरा शुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा, बोटात जाड अंगठी आणि जिभेवर मध.

मास्तर त्याला म्हणाले, "हिला जपा. ही बोलते. फक्त कान द्यायला हवा."

लोणीशेठने माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "मास्तर, शपथ घेतो. पोटच्या पोरीसारखी ठेवीन!"

तो घामट हात आणि ती थंडगार अंगठी मला अजून आठवते.

आता पोटची पोर त्याने कशी ठेवली ते ऐका. मला विकायच्या ऐवजी त्याने स्वतःच्या दिमतीला घेतले. रात्रंदिवस राबवले आणि उन्हातान्हात उभे केले. सीटवर खाल्ले, सांडले, पण पुसले कधी नाही. तेल बदलायचे तर नावच नको. एके दिवशी माझ्या अंगातले तेल इतके आटले, की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. 'थांब, आतून जळते आहे,' एवढेच त्या दिव्याला सांगता येते. मी जिवाच्या आकांताने तो लावून धरला. लोणीशेठने काय करावे? मीटरची काच उघडली, दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि काच पुन्हा बसवली. "कटकट गेली," तो म्हणाला.

मित्रांनो, मारले तर सोसता येते. पण माझी हाकच त्याने बुजवून टाकली. त्या दिवशी मनात पहिली ठिणगी पडली.

पुढे माझा गिअरबॉक्स घरघरू लागला. दुसऱ्या गिअरमधून तर असा आवाज येई, की रस्त्यावरची माणसे वळून बघत. तेव्हा लोणीशेठने मला विकायला काढले. विकायच्या आधी त्याने दोन गोष्टी केल्या. माझी चांगली बॅटरी काढून घेतली आणि एक मरणपंथाला लागलेली बसवली. मग गिअरबॉक्समधले तेल सोडून दिले आणि जाड ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा कालवून तो माझ्या पोटात भरला. भुशाने घरघर दबते. गिअरचे दात झिजायचे काही थांबत नाही.

त्याच्या आवारात कोपऱ्यात पत्र्याची एक शेड होती. तिच्याखाली माझी एक सख्खी बहीण पडली होती. तोच साचा, तोच निळा रंग. कुठेतरी धडकून तिचे तोंड चेपले होते. तिला हेडलाइट उरले नव्हते, पण ती माझ्याकडे बघत असे हे मला कळे. माझ्या पोटात भुसा भरताना तिनेही पाहिले.

आणि मग सिस्टर आली.

घरोघरी जाऊन आजारी माणसांची मलमपट्टी करणारी ती परिचारिका. सगळे तिला सिस्टर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिचा नवरा दूर बोटीवर कामाला. घरी ती आणि तिच्या सासूबाई. तिला नवे काम लागले होते, पण अट अशी, की गाडी स्वतःची हवी आणि रुग्णाच्या दारात वेळेवर हजर व्हायला हवे. गाडी चालवायला ती नुकतीच शिकली होती. नवशिके माणूस गाडीचा रंग बघते, पाटी बघते. पोट कसे बघणार?

"या ताई, या! काकू, तुम्ही सावलीत बसा," लोणीशेठ धावत आला. "ताई, तुमच्यासाठी हीच. मास्तरांची गाडी, गाणाऱ्या माणसाची! हातात नुसतं लोणी!"

चालवून दाखवायला तो स्वतः बसला. त्याची एक युक्ती होती. गिअर बदलायची वेळ आली, की तो हॉर्न दाबायचा. मास्तरांनी जपलेल्या माझ्या अंगात तेवढाच एक अवयव धडधाकट राहिला होता. पहिल्याचा दुसरा, पँऽऽ. दुसऱ्याचा तिसरा, पँऽऽ. भुशातून निसटून जो थोडा आवाज वर येई, तो हॉर्नखाली गडप.

मागे बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, समोर कुत्रंसुद्धा नाही. वाजवताय कुणाला?"

"काकू, कंठ ऐका गाडीचा, कंठ! असा हॉर्न हल्ली येत नाही."

"हॉर्नवर बसून जायचंय होय आम्हाला?"

तो खळखळून हसला. किल्ली देताना सिस्टरला हात जोडून म्हणाला, "ताई, काही लागलं तर हक्कानं या. दुकानदार नाही, भाऊ समजा."

"बघ सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "गाडी घ्यायला आलीस नि माहेर मिळालं!"

माझ्याच कंठाचा आधार घेऊन माझे दुखणे लपवले गेले होते, मित्रांनो. मला बोलता येत असते तर त्या फाटकातच ओरडले असते.

सिस्टरने मला घरी नेले आणि त्या संध्याकाळी पहिले काम केले ते माझ्या सीट घासायचे. जुने डाग निघेनात, तर जखम धुवावी तशी हलक्या हाताने पुन्हा पुन्हा धूत राहिली. चालवताना मात्र ती घाबरे. चौकात हमखास मला बंद पाडी. मागच्या गाड्या बोंबलू लागत. मग सासूबाई काच खाली करून मान बाहेर काढत आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असे सांगत, "शिकतेय ती! तुम्ही काय आईच्या पोटातून गाडी शिकून आलात?" एरवी त्या हळू आवाजात देवाचे पद गुणगुणत असत. मास्तर गेल्यापासून गाणे असे मी ऐकलेच नव्हते. माझे नाव त्यांनी ठेंगणी ठेवले. "चल गं ठेंगणे, देवाचं नाव घे नि चल," असे म्हणाल्या, की माझ्या प्लगांत दुप्पट जोर येई. या दोघींसाठी मी भुशासकट पळत होते.

पण भुसा तो भुसाच.

गावाच्या टेकडीवर एक म्हातारे घड्याळजी एकटे राहत. त्यांच्या पायाला न भरणारी जखम होती. तिची पट्टी सिस्टरला रोज बदलावी लागे. एके सकाळी टेकडीचा चढ निम्मा चढलो आणि माझा दुसरा गिअर सुटला. तिने पुन्हा टाकला, तो पुन्हा सुटला. खडखडाट झाला आणि मी मध्येच उभी राहिले. सिस्टर पिशवी घेऊन उरलेला चढ धावत गेली. तोवर घड्याळजींनी काळजीने दवाखान्यात फोन केला होता. तिथल्या मोठ्या बाई रागीट नव्हत्या, पण नियमाला पक्क्या होत्या. सिस्टर परत येऊन माझ्यात बसली आणि त्यांचा फोन आला; तो आवाज मीही ऐकला. "एकदा चालवून घेतलं. पुन्हा उशीर झाला तर मला दुसरी बघावी लागेल."

सिस्टरने फोन ठेवला, स्टिअरिंगवर कपाळ टेकले आणि ती रडली. मला वाटले, आता शिव्या पडतील, लाथ बसेल. लोणीशेठची ती रोजची रीत होती. ती मात्र डोळे पुसून म्हणाली, "तुझा तरी काय दोष गं? तुलाच काहीतरी होतंय."

तिथे, त्या चढावर, मी मनाशी गाठ बांधली. माझ्या दिव्यावर पट्टी लावलीस, माझ्या पोटात भुसा कोंबलास, ते कदाचित मी विसरले असते. पण हिच्या डोळ्यांतले पाणी तुझ्या नावावर आहे, लोणीशेठ. ते मी फेडून घेईन.

मला ओढत गॅरेजात नेले. तिथले मिस्त्री माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "सिस्टर, ही गाडी आहे की पत्र्याचा डबा?"

"डबा तर डबा," सासूबाई कडाडल्या. "तुम्ही झाकण उघडा, आत काय आहे ते बघू."

मिस्त्रींनी किल्ली फिरवली. सिस्टर शेजारी बसून डॅशबोर्डकडे टक लावून बघत होती. "मिस्त्री, किल्ली फिरवली की सगळे दिवे लागायला हवेत ना?"

"हवेतच."

"मग हा एक का गप्प आहे? आमच्याकडे जो सारखा 'मला काही होत नाही' म्हणतो, त्याला आधी तपासतात."

मिस्त्रींनी मीटरची काच उघडली. चिकटपट्टी नखाने ओरबाडून काढली. आणि मित्रांनो, माझा लाल दिवा लखकन लागला! किती काळ मी अंधारात ओरडत होते, ते त्या दोघांना एका क्षणात समजले. मिस्त्रींचा चेहराच बदलला. त्यानंतर त्यांनी मला डबा म्हटले नाही.

मग त्यांनी माझे पोट उघडले. इंजिनातून निघाले ते तेल नव्हते, डांबर होते. हवेच्या फिल्टरात उंदराने संसार थाटला होता. ब्रेक झिजून पत्रा झाले होते. शेवटी गिअरबॉक्सचा बोल्ट सोडला, तशी खालच्या थाळीत काळी, चिकट भुशाची पेज पडू लागली. मिस्त्रींनी चिमूटभर घेऊन हुंगली. "सागवानी आहे. निदान लाकूड तरी चांगलं घातलंय!"

सासूबाईंनी पिशवीतून औषधाची रिकामी बाटली काढली. "यात भरून द्या."

"कशाला हो आई?" सिस्टरने विचारले.

"असू दे. ज्याचं त्याला द्यावं."

मिस्त्रींनी मला धुऊन काढले. नवे तेल, नवा फिल्टर, नवे प्लग, नवे ब्रेक. हातातल्या कामामुळे बॅटरी बघायची मात्र त्यांच्याकडून राहून गेली. इंजिन सुरू झाले तेव्हा माझ्या कानावर मास्तरांच्या वेळचा सूर पडला. नुकत्याच तापलेल्या गळ्यातून यावा तसा तो आला. गिअरबॉक्स मात्र आता उघडउघड घरघरत होता. "आता खरं बोलतोय," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या गिअरचे दात गेलेत. या जातीचं चाक बाजारात मिळत नाही. कुठे मोडीत अशीच गाडी असली तर बघा. तोवर पहिल्यावरून सरळ तिसरा टाका."

"लोणीशेठच्या शेडखाली आहे अशी एक," सिस्टर म्हणाली. "मी मागेन त्यांच्याकडे. हक्कानं या म्हणाले होते."

"माग. पण भांडू नकोस हो," सासूबाई म्हणाल्या. "सूड देवावर सोपवावा. त्याची करणी त्याला भोवेल."

मला ते पटले. पण मुलांनो, देव काही स्वतः चालत येत नाही. कुणाच्या हातून काम करवून घेतो, कुणाच्या मुखातून. माझ्याकडे हात नव्हते. मुख होते. लोणीशेठने ज्याची एवढी तारीफ केली, तो कंठ.

आम्ही त्याच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा तो एका तरुण जोडप्याला गाडी दाखवत होता. पांढरी गाडी आवारातच गोल गोल फिरत होती आणि प्रत्येक गिअरला पँऽऽ, पँऽऽ. सिस्टरचा हात माझ्या गिअरच्या दांड्यावर थबकला. तिला तेव्हाच सारे उमगले.

ती फाटकात उतरून नम्रपणे म्हणाली, "भाऊ, नमस्कार. शेडखालच्या गाडीतलं एक गिअरचं चाक हवं होतं. तुमच्याकडून घेतलेल्या या गाडीला लागतंय."

लोणीशेठने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. "मॅडम, तुम्ही कोण? माझ्याकडून रोज गाड्या जातात. कुणाकुणाचा भाऊ होऊ मी?"

'ताई'ची 'मॅडम' झाली, मित्रांनो. एका शब्दात त्याने नाते मोडीत काढले. सिस्टर ओशाळली, मागे फिरली. तो परत गिऱ्हाइकांकडे वळला. "मॅडम गाडी चुकल्या वाटतं! हां, तर साहेब, ही गाडी म्हणजे लोणी..."

सासूबाई माझ्यातच बसल्या होत्या. त्यांना राहवेना. "अहो शेठ!" त्यांनी हाक मारली. त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. तेव्हा त्यांनी वाकून माझा हॉर्न दाबला आणि हात काढून घेतला.

मी हॉर्न सोडला नाही.

पँऽऽऽऽऽऽ! फाटकातून, आवारातून, पत्र्याच्या शेडवर आपटून तो आवाज परत येऊ लागला. वर्षानुवर्षे बुजवलेल्या साऱ्या हाका मी एका दमात मोकळ्या केल्या. दिव्याची हाक, भुशाची हाक, त्या चढावरची हाक. समोरच्या दुकानांतून माणसे बाहेर आली. लोणीशेठ धावत आला. "बंद करा हो, बंद करा!" सिस्टरने बटण उचकटून पाहिले. त्याने बॉनेट उघडायचा प्रयत्न केला. मी दातावर दात धरून बॉनेट मिटून घेतले होते. त्याने खटका ओढला, खालून बोटे घातली, अंगठी अडकली, सदऱ्याला काळे लागले. मी सोडले नाही.

"कंठ ऐका, शेठ, कंठ!" सासूबाई काचेतून ओरडल्या. "असा हॉर्न हल्ली येत नाही!"

लोक हसले. सासूबाई खाली उतरल्या, पिशवीतून बाटली काढली आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातात ठेवली. "भावाकडे आलो, रिकाम्या हाती कसं यायचं? घ्या. तुमच्याच घरचं लोणी आहे. हिच्या पोटातून निघालं."

तरुण जोडप्यातल्या बाईने बाटली त्याच्या हातून घेतली आणि उन्हात धरून हलवली. आतला भुसा हळूहळू वर-खाली झाला. सिस्टर तिला एवढेच म्हणाली, "ते हॉर्न वाजवतात ना, तेव्हा गिअरबॉक्स ऐका." त्या बाईने आपल्या नवऱ्याकडे पाहिले. नवरा पांढऱ्या गाडीतून आधीच उतरला होता.

खरे सांगते, त्या क्षणी मला जे सुख झाले ते नव्या तेलानेही झाले नव्हते. शेडखाली माझी बहीण ऐकत होती. मी आणखी जोर लावला. आणखी. आणखी. आणि एकाएकी माझा आवाज चिरकला, बारीक झाला, बंद पडला. बॅटरी संपली होती.

त्याच शांततेत सिस्टरचा फोन वाजला. मोठ्या बाई होत्या. घड्याळजी पायरीवर घसरले होते, जखम उघडून रक्त वाहत होते. शेजारीण घाबरून गेली होती. "शेजारणीला सांगा, पाय उंच ठेवा, स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा," सिस्टर म्हणाली. "मी निघाले."

"वेळेवर पोहोचशील ना?" मोठ्या बाईंनी विचारले.

तिने किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक.

मित्रांनो, माझ्या सुखाचे त्या दोन 'टक'मध्ये पाणी झाले. सूड असाच असतो. वणवा काही कुंपण बघून थांबत नाही. मी लोणीशेठला जाळायला निघाले आणि माझ्या सिस्टरचेच दार पेटवले. देवा, मी मनात म्हटले, एकदा सुरू होऊ दे. पुढे वाटेल ती शिक्षा कर.

सिस्टर दारातून बाहेर आली. तिचा आवाज चढला नाही, पण त्यात आता विनंती उरली नव्हती. ती लोणीशेठकडे बघून म्हणाली, "ढकला."

"मी?" त्याने इकडेतिकडे पाहिले.

"भाऊ आहात ना?" तरुण बाई म्हणाली. "ढकला की!"

लोकांचे डोळे त्याच्यावर खिळले होते. सिस्टर आणि सासूबाई आत बसल्या. त्याने बाह्या सरसावल्या आणि माझ्या पाठीला हात लावले. तोच घामट हात, तीच अंगठी. ज्या हाताने शपथ घेतली त्याच हाताने तो मला ढकलू लागला.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करायची, तर दुसऱ्या गिअरमध्ये करतात. थोडासा वेग पुरतो. पण माझा दुसरा गिअर होता कुठे? तो त्याच्याच भुशाने खाल्ला होता. सिस्टरने तिसरा टाकला. तिसऱ्याला वेग जास्त लागतो. म्हणजे माझा दुसरा गिअर शाबूत असता, तर लोणीशेठला चार पावले चालावे लागले असते. आता त्याला धावावे लागले.

आणि तो धावला! फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून उताराला. एक चप्पल मागे राहिली. सदरा सुटला. सुरुवातीला तो लोकांसाठी ढकलत होता. पण उताराच्या तोंडाशी काय झाले कोण जाणे, तो जिवाच्या कराराने ढकलू लागला. त्याचा श्वास मला काचेवर ऐकू येत होता. आणि मग तो ओरडला, "ताई, आता! क्लच सोडा, ताई!"

गिऱ्हाईक पटवायला म्हटलेली ताई नव्हती ती. धापा टाकणाऱ्या छातीतून निघालेली होती.

सिस्टरने क्लच सोडला. मी एकदा आचका दिला, दोनदा दिला आणि सारे बळ एकवटून पेटले. माझ्या सायलेन्सरमधून काळ्या धुराचा एक मोठा लोट निघाला आणि मागे उभ्या त्या पांढऱ्या सदऱ्यावर जाऊन बसला. तो मी मुद्दाम सोडला. एवढे मला माफ करा.

टेकडीचा चढ मी पहिल्या गिअरमध्ये, बोंबलत, तापत, पण न थांबता चढले. सासूबाई पदराने माझ्या डॅशबोर्डवरची धूळ पुसत देवाला आळवत होत्या. घड्याळजींच्या दारात पोहोचलो तेव्हा शेजारीण फडके दाबून बसलीच होती. सिस्टरने रक्त थांबवले. संध्याकाळी मोठ्या बाईंचा फोन आला. "उद्या नेहमीच्या वेळी," एवढेच त्या म्हणाल्या. सिस्टरने फोन छातीशी धरला आणि माझ्या बॉनेटवर डोके टेकले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गॅरेज उघडायला आले, तर दारात माझी बहीण उभी! चेपलेले तोंड, निळा रंग, दोराने ओढून आणलेली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. लोणीशेठने ती लाजेने पाठवली, की पुन्हा फाटकात येऊन मी कंठ दाखवीन या भीतीने, ते देव जाणे. मिस्त्रींनी तिच्यातले दुसऱ्या गिअरचे चाक काढून माझ्या पोटात बसवले. तिचा दात आता माझ्या तोंडात आहे. चढ चढताना आम्ही दोघी मिळून चढतो.

मुलांनो, तुमच्याही घरात कुणीतरी तुमचा भार वाहत असेल. कदाचित यंत्र असेल, कदाचित माणूस. ते बोलते. त्याचा लाल दिवा लागला, तर त्यावर पट्टी लावू नका. थांबा, झाकण उघडा, आत हात घाला, हात काळे होऊ द्या. आणि तसाच एक दिवा देवाने तुमच्याही आत ठेवला आहे. खोटे बोलताना तो लागतो. तोही झाकू नका. हॉर्न वाजवून तर मुळीच नाही.

मी लोणीशेठला माफ केले का? सिस्टरने केले आहे. सासूबाई म्हणतात, त्यांनीही केले आहे. माझा प्रयत्न चालू आहे. मिस्त्रींनी नवी बॅटरी घातली, हॉर्नची तार तपासली, बटण बदलले. त्यांना काही दोष सापडला नाही.

तरीसुद्धा त्याच्या फाटकावरून जाताना कुणाचा हात लागलेला नसतो आणि माझ्या कंठातून एकदा निघतेच, पँ.

"वाईट खोड गं तुझी, ठेंगणे," सासूबाई म्हणतात आणि तोंडाला पदर लावून हसतात.